हायवेवर बाईकचा मोठा ग्रुप भेटला तर काय करायचं? नवीन गाडी चालवणाऱ्यांसाठी

माझ्या भाचीचं लायसन गेल्या महिन्यात आलं. ठाण्यात, घोडबंदर रोडला वगैरे ती बऱ्यापैकी चालवते, पण परवाच्या रविवारी पहिल्यांदा नाशिकला गाडी घेऊन निघाली आणि पडघ्याच्या पुढे आरशात एकदम पंधरा-वीस दिवे दिसले, सगळ्या बाईका, आणि तिचे हात स्टिअरिंगवर गार पडले. शहापूरला चहाला थांबल्यावर तिने फोन केला, "मामा, ते आले की मी नक्की काय करायचं असतं? क्लासवाल्याने हे शिकवलंच नाही." खरंय, कुणीच शिकवत नाही. मला पण कुणी शिकवलं नव्हतं.

मी बारा-तेरा वर्षं ग्रुपमधे बाईक चालवतोय, त्यातली निम्मी वर्षं सगळ्यात शेवटी राहून, आणि घरचे सोबत असले की कार असतेच. त्यामुळे दोन्ही बाजूने काय दिसतं ते माहितीये. तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे नीट आणि जरा सविस्तर लिहितोय, कारण गाडी नवीन शिकलेल्या माणसाने घाबरून केलेली एक छोटीशी चूक बाईकवाल्याला किती महाग पडते ते मी जवळून बघितलंय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, बाकी सगळं त्यातून आपोआप येतं. वीस बाईकचा ग्रुप दिसला की वीस गाड्या आल्या असं समजू नका, पूर्ण ग्रुपला एकच गाडी समजा, आपल्या लोकलसारखी लांब. तुम्ही एकतर तिच्या पूर्ण मागे असाल किंवा पूर्ण पुढे. मधल्या डब्यात शिरायचं नाही.

कुठे आणि कधी भेटतात

मुंबईहून निघताना हे आधीच माहीत असलं की अर्धी भीती कमी होते. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, सी लिंकवर बंदी, कोस्टल रोडवर बंदी, अटल सेतूवर पण बंदी. पण एक्स्प्रेसवेवर बोरघाटात एक तुकडा असा आहे की जुना हायवे आणि एक्स्प्रेसवे थोडं अंतर एकत्र येतात, खंडाळ्याच्या अलीकडे, पूर्वी अमृतांजन पूल होता त्या भागात. तिथे बाईक दिसणारच. ज्याला हे माहीत नसतं तो तिथे चिडतो, हे इथे कसे आले म्हणून हॉर्न वाजवतो, तर त्यांना तिथून जायला दुसरा रस्ताच नाही हे लक्षात ठेवा.

बाकी जुना पुणे हायवे, नाशिक हायवे, अहमदाबाद हायवे मनोर-चारोटीपर्यंत, गोवा हायवे आणि पावसाळ्यात माळशेज, या ठिकाणी ग्रुप असतातच. मुंबईतले ग्रुप रविवारी पहाटे निघतात, पाच-साडेपाचला कुठल्यातरी पेट्रोल पंपावर जमतात, आठ-साडेआठला मिसळ खातात आणि ऊन तापायच्या आत परत. म्हणजे सकाळी सहा ते आठ शहराबाहेर जाताना आणि अकरा ते दोन परत येताना गाठ पडायची शक्यता जास्त. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला तिरंगा लावलेले ग्रुप असतात, ते सगळ्यात मोठे, आणि त्यात वर्षातून एकदाच ग्रुपमधे चालवणारे पण बरेच असतात म्हणून त्या दोन दिवशी जास्त अंतर ठेवा. नोव्हेंबरमधे रॉयल एन्फिल्डचा मोटोव्हर्स हा बाईकवाल्यांचा मेळावा गोव्यात वागातोरला असतो, पूर्वी याला रायडर मेनिया म्हणायचे, त्या आठवड्यात गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर बुलेटच बुलेट.

ग्रुप आतून कसा चालतो

हे समजून घ्या कारण हे कळलं की पुढे कोण काय करणार ते तुम्हाला आधीच कळायला लागतं.

सगळ्यात पुढे असतो तो लीड. रस्ता त्याला पाठ असतो, स्पीड तो ठरवतो. सगळ्यात शेवटी स्वीप, त्याच्या मागे ग्रुपचं कुणीही नसतं, कुणाची बाईक बंद पडली, कुणी मागे राहिलं तर तो थांबतो. याच्याकडे बहुतेक वेळा पंक्चर किट आणि फर्स्ट एड असतं आणि अंगात पिवळं-हिरवं चमकणारं जॅकेट. मोठा ग्रुप असेल तर मधे मार्शल असतात जे पुढे-मागे फिरत राहतात. नवीन मुलांना साधारण लीडच्या लगेच मागे ठेवतात म्हणजे त्यांना पळावं लागत नाही. म्हणजे तुम्हाला पुढचे तीन-चार जण सगळ्यात तयारीचे वाटतात, पण तिथेच सगळ्यात कच्चा माणूस असू शकतो.

सरळ रस्त्यावर ते एका रेषेत चालत नाहीत, नागमोडी चालतात. पहिला लेनच्या उजव्या बाजूला, दुसरा थोडा मागे डाव्या बाजूला, तिसरा परत उजव्या. याला ते स्टॅगर्ड म्हणतात. तुम्हाला मागून बघताना वाटतं की अर्धी लेन रिकामी आहे, आपली कार त्या मोकळ्या जागेत सहज बसेल. ती जागा रिकामी नाहीये! खड्डा चुकवायला, कुत्रं आडवं आलं तर सरकायला, ब्रेक मारायला ती ठेवलेली असते. तुम्ही तिथे नाक घातलंत की मागच्या माणसाला पळवाट उरत नाही. घाट आला, रस्ता अरुंद झाला की लीड एक बोट वर करतो आणि सगळे एका रेषेत येतात.

खुणा पण ओळखायला शिका, बाईकवाल्यांच्या खुणा तुमच्या पण कामाच्या आहेत. उजवा हात ॲक्सिलरेटरवर असतो म्हणून सगळं डाव्या हाताने किंवा पायाने. डावा पाय बाहेर काढून खाली दाखवला म्हणजे डावीकडे खड्डा किंवा खडी, उजवा पाय काढला म्हणजे उजवीकडे. हात वर करून पंजा दाखवला म्हणजे थांबायचंय, पंजा खाली-वर हलवला म्हणजे हळू. टाकीवर थाप मारली म्हणजे पेट्रोल. ग्रुपप्रमाणे थोडा फरक असतो पण पायाची खूण सगळीकडे तीच. आणि ही खूण पुढून मागे एकेकाकडून जाते, वीस पाय एकामागून एक बाहेर येताना दिसतात, तेव्हा तुम्ही मागे असाल तर तुम्हाला पण खड्डा पन्नास-शंभर मीटर आधी कळतो. पावसाळ्यानंतर गोवा हायवेला मी स्वतः कारमधे असताना असाच एका ग्रुपच्या मागे मागे गेलोय, टायर वाचले.

मागून ग्रुप आला तर

भाचीचं झालं ते हेच. आरशात दिवे दिसतात. नवीन बाईकला दिवसा पण हेडलाइट चालूच असतो, एप्रिल २०१७ पासून तसा नियमच आहे, बंद करायचं बटणच नसतं. म्हणजे ते दिवे मारून तुम्हाला बाजूला व्हायला सांगत नाहीयेत, आधी हे मनातून काढून टाका.

पहिलं काम म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय जसा आहे तसाच ठेवा. घाबरून ब्रेक मारू नका आणि त्यांच्या पुढे पळायला स्पीड पण वाढवू नका. तुमचा स्पीड एकसारखा असला की लीडला अंदाज येतो, तो त्याप्रमाणे लेन निवडतो.

दुसरं, आपल्या लेनच्या मधोमध सरळ चालत रहा. बरेच लोक चांगुलपणाने एकदम डावीकडे घेतात आणि नेमकं त्याच वेळी दोन बाईका डावीकडून निघालेल्या असतात. खरं म्हणजे ओव्हरटेक उजवीकडूनच करायला पाहिजे, आणि शिस्तीचे ग्रुप तसंच करतात, पण आपल्याकडे ट्रक आणि टेम्पो उजवी लेन सोडत नाहीत हे रोजचं आहे, मग बाईक डावीकडून निघते. म्हणून दोन्ही आरसे बघा. तुम्हीच उजव्या लेनमधे हळू चालवत असाल तर मात्र लेन बदलायची, पण रीतसर: आरसा, इंडिकेटर, पाच-सहा वेळा टिकटिक होऊ द्या, मग मान वळवून डाव्या खांद्यावरून एक नजर, मग सावकाश. मान वळवणं सोडू नका, आरशाच्या आंधळ्या कोपऱ्यात एक बुलेट सहज मावते.

तिसरं, हॅझर्ड लाइट लावू नका. चारही इंडिकेटर लुकलुकले की मागच्याला वाटतं गाडी बंद पडली किंवा थांबतेय, आणि तुम्ही लेन बदलणार असाल तर ते पण कळत नाही.

चौथं, आणि हे मी अगदी कळकळीने सांगतो, बाईक मागे किंवा बाजूला असताना काचेवर पाणी मारू नका. वायपरचं पाणी टपावरून उडून थेट मागच्याच्या हेल्मेटच्या काचेवर जातं. एकदा कसाऱ्याच्या अलीकडे माझ्या हेल्मेटवर असंच साबणाचं पाणी आलं, समोरून ऊन, काचेवर फेस, दोन-तीन सेकंद मला नुसता पांढरा उजेड दिसत होता आणि बाईक सत्तरला. कारवाल्याला कळलंही नसेल. तसंच खिडकीतून पाण्याची बाटली, केळ्याची साल, थुंकणं, यातलं काही नाही. गाडीत मुलं असतील तर त्यांना आधी सांगून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मोजा. ग्रुप पुढे गेला म्हणजे संपला असं नसतं. ग्रुप रबरासारखा ताणला जातो, पुढचे सिग्नलमधून किंवा ट्रकच्या बाजूने निघाले की मागचे अडकतात आणि मग गाठायला जोरात येतात. पुढचे सत्तरने चाललेले असताना मागचे दोघं-तिघं नव्वदने येत असतात. कारवाल्याला वाटतं गेले एकदाचे, तो उजवीकडे लेन बदलतो, आणि नेमका तो मागे राहिलेला येऊन पोचतो. म्हणून चमकणाऱ्या जॅकेटवाला स्वीप गेलेला दिसेपर्यंत लेन बदलायची नाही. स्वीप ओळखता नाही आला तर शेवटच्या बाईकनंतर अर्धा मिनिट तसंच चालत रहा.

पुढे ग्रुप आहे आणि तुम्हाला ओव्हरटेक करायचंय

इथे थोडं गणित करू, म्हणजे नुसतं सांगून पटत नाही ते आकड्यात पटेल.

केंद्र सरकारने २०१८ मधे ठरवलेली कमाल मर्यादा डिव्हायडर असलेल्या चौपदरी रस्त्यावर कारला ताशी १०० किमी आणि दुचाकीला ८० किमी आहे, आणि बऱ्याच ठिकाणी बोर्ड त्याहून कमीचा असतो, तिथे बोर्ड बघायचा. आता ग्रुप ८० ने चाललाय, म्हणजे एका सेकंदाला साधारण २२ मीटर. प्रत्येक बाईकमधे एका सेकंदाचं अंतर धरलं तर वीस बाईकचा ग्रुप सव्वाचारशे मीटरच्या आसपास लांब होतो. पंधरा डब्यांची लोकल सव्वातीनशे मीटरच्या घरात जाते, म्हणजे हा ग्रुप त्याहूनही लांब. तुम्ही १०० ने निघालात तर तुमचा त्यांच्यापेक्षा जास्तीचा स्पीड फक्त २० चा. पूर्ण ग्रुप मागे टाकायला सव्वा मिनिट लागतं आणि तेवढ्यात तुमची गाडी दोन किलोमीटर पुढे गेलेली असते.

दोन किलोमीटर! त्या दोन किलोमीटरमधे एखादा कट येणार, गावाचा फाटा येणार, उजव्या लेनमधे रडतखडत चाललेला कंटेनर येणार. म्हणून निघायच्या आधी लांबवर बघा, उजवी लेन तेवढी मोकळी आहे का. नसेल तर मागेच रहा, तीन सेकंदांचं अंतर ठेवून. अंतर मोजायची सोपी पद्धत: पुढची शेवटची बाईक एखाद्या खांबापाशी पोचली की तोंडाने सावकाश म्हणा एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन. हे म्हणून व्हायच्या आत तुम्ही त्या खांबाशी पोचलात तर फार जवळ आहात. पावसात एकशे पाचपर्यंत म्हणा.

मोकळी असेल तर उजवा इंडिकेटर, उजव्या लेनमधे पूर्ण या आणि एकसारख्या स्पीडने सगळा ग्रुप संपेपर्यंत तिथेच रहा. मधे एखादी मोठी फट दिसली म्हणून आत शिरायचं नाही, समोर कंटेनर नसेल तोपर्यंत. बाजूने जाताना हॉर्न धरून ठेवू नका, सुरुवातीला एकदा छोटासा दिला तर चालेल. हेल्मेटच्या आत वाऱ्याचा इतका आवाज असतो की लांबचा हॉर्न ऐकू येत नाही आणि अगदी कानाशी वाजला की नवीन मुलगा दचकतो, दचकला की हँडल हलतं. बाजूला किमान दीड मीटर मोकळं ठेवा. पुढे निघाल्यावर लीडची पूर्ण बाईक तुमच्या आतल्या आरशात नीट दिसायला लागली, आणि मग अजून दोन-तीन सेकंद गेले, की डावीकडे या. आल्या आल्या स्पीड कमी करायचा नाही. हे फार लोक करतात, धापा टाकत ओव्हरटेक करतात आणि पुढे येऊन पाय सोडतात, मग सगळ्या ग्रुपला ब्रेक मारावा लागतो, आणि पुढच्याने हलका मारलेला ब्रेक शेवटच्यापर्यंत पोचताना जोरात होतो. १२५ सीसीच्या वरच्या नवीन बाईकला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी सिस्टिम, २०१९ पासून सक्तीचं आहे, पण ग्रुपमधे जुन्या बुलेट, जुन्या पल्सर असतातच, त्यांचं मागचं चाक जोरात ब्रेक मारला की सरळ घसरतं.

आणि बाजूने चालवत व्हिडिओ काढणं बंद करा. मागे बसलेल्याने काढला तर काढू दे, पण त्याला नीट फ्रेम मिळावी म्हणून ड्रायव्हर बाईकच्या बरोबरीने चालवत बसतो आणि पूर्ण वेळ त्याचं लक्ष डावीकडे. मुलांनी हात केला तर बाईकवाले पण हात करतात, तेवढं पुरे.

चुकून मधे अडकलात तर

होतं. सर्व्हिस रोडवरून वर आलात, किंवा पुढे कंटेनर आला आणि आत यावंच लागलं. घाबरू नका, ते तुम्हाला काही करणार नाहीत. माझं पण पहिल्या वर्षी असंच झालं होतं, आई शेजारी बसलेली, दोन्ही बाजूला बाईका, मी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलेलं की बोटं दुखायला लागली. एक पिवळ्या जॅकेटवाला काका माझ्या खिडकीच्या थोडा पुढे आला आणि त्याने डावा पंजा सावकाश खाली-वर केला, हळू हळू, असंच राहू दे. मग त्याने मागे हात दाखवून मागच्यांना थांबवलं आणि मला बोटाने डावी लेन दाखवली. आई म्हणाली, "भला माणूस आहे रे." त्याचा चेहरा हेल्मेटमुळे दिसला नाही पण तो हात अजून आठवतो.

तर तुम्ही काय करायचं, स्पीड आजूबाजूच्या बाईकइतकाच ठेवा, लेन बदलू नका, डावा इंडिकेटर लावून ठेवा आणि वाट बघा. मागचा मार्शल किंवा स्वतः एखादा रायडर जागा करून देतो. जागा झाली की डावीकडे या, हळूहळू पाच-दहाने स्पीड कमी करा आणि सगळ्यांना जाऊ द्या. पळून पुढे निघायच्या नादाला लागू नका, मागे पडणं नेहमीच सोपं असतं.

दुपदरी रस्ता आणि घाट

माळशेज किंवा अशा कुठल्याही डिव्हायडर नसलेल्या रस्त्यावर वरचं ओव्हरटेकचं गणित विसरा. सव्वाचारशे मीटरचा ग्रुप समोरून येणारी गाडी सांभाळत एका दमात मागे टाकता येत नाही, नवीन माणसाने तर प्रयत्न पण करू नये. मागे रहा. समजूतदार ग्रुप असेल तर स्वीप तुम्हाला बघतो, ते पाच-सहाच्या तुकड्या करून मधे मोठी जागा सोडतात आणि हाताने बोलावतात. तेव्हा पण समोरचा रस्ता तुमच्या डोळ्यांनी बघूनच निघा, त्याच्या हाताच्या भरवशावर नाही.

समोरून ग्रुप येत असेल तर तुमची डावी बाजू पकडा, अगदी वळणावर सुद्धा. बाईक वळताना आतल्या बाजूला झुकते. त्यांच्या उजव्या वळणावर चाकं त्यांच्या लेनमधे असतात पण डोकं आणि खांदा मधल्या पट्टीच्या वर आलेला असतो. म्हणजे तुम्ही पट्टीला चिकटून चालवत असाल तर तुमचा आरसा आणि त्याचं हेल्मेट एकाच जागी येतात. हे फक्त कार चालवणाऱ्याला कधी लक्षात येत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं. पट्टीपासून हातभर लांब रहा, अप्पर असेल तर डिपर करा आणि वळणाच्या आधी एकदा हॉर्न द्या. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं हा नियम आहेच, तो बाईकला पण लागू होतो, तुम्ही उतरत असाल आणि ते चढत असतील तर थांबा.

टोल, पंप, कट

दुचाकीला टोल नसतो म्हणून बाईका डावीकडच्या बारीक लेनमधून निघतात आणि टोलच्या पुढे कडेला एकत्र जमतात, सगळे आले की एकदम निघतात. तुम्ही फास्टॅगमधून सुटून जोरात ॲक्सिलरेटर दाबता नेमके तेव्हा. टोलनंतरचे पहिले दोनशे मीटर डावीकडे लक्ष ठेवा.

डावीकडे मोठा पंप किंवा नाश्त्याचं हॉटेल दिसलं आणि पुढच्याने टाकीवर थाप मारली की समजायचं आख्खा ग्रुप आता डावीकडे वळणार. उजव्या लेनमधल्या बाईका पण वळणार. तिथे डावीकडून पुढे घुसायचं नाही. डिव्हायडरच्या कटवर एक मार्शल रस्त्यात उभा राहून हात दाखवत असेल तर थांबा, चाळीस सेकंद जातात. त्याला ट्रॅफिक थांबवायचा अधिकार नाही हे बरोबर आहे, पण अर्धा ग्रुप वळलेला असताना मधे घुसून हक्क सांगायची ती जागा नाही.

पाऊस

पहिल्या पावसात रस्त्यावर साचलेलं तेल वर येतं, पांढरे पट्टे आणि पुलाच्या सांध्यावरच्या लोखंडी पट्ट्या साबणासारख्या होतात. बाईकवाला अशा ठिकाणी अचानक हळू होतो, तुम्हाला कारण दिसत नाही. डबक्यातून जोरात गेलात तर तुमचं पाणी त्याच्या तोंडावर.

आणि मुंबईच्या आजूबाजूला हे हमखास होतं: सर आली की सगळ्या बाईका पुलाखाली थांबतात, रेनकोट घालायला. पूल दिसला आणि पाऊस नुकताच सुरू झालाय तर स्पीड आधीच कमी करा आणि डावी लेन सोडा, खाली अंधारात काळे रेनकोट घातलेली माणसं एका पायावर उभी राहून पँट चढवत असतात, तुमच्या लेनमधे.

ग्रुप बेशिस्त असेल तर

असतात, आपणच बाईकवाले असलो तरी ते लपवायचं कारण नाही. रेस लावणारे, सायलेन्सर काढून फटाके वाजवणारे, कारच्या पुढे येऊन मुद्दाम ब्रेक मारणारे. त्यांच्याशी काच खाली करून बोलायला जाऊ नका, पाठलाग तर अजिबात नाही. डावीकडे घ्या, पुढचा पंप किंवा टोल बघून आत वळा, दहा मिनिटं थांबा. खरंच कुणी धोक्यात येतंय असं वाटलं तर ११२ ला फोन करा, किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा. डॅशकॅम असेल तर रेकॉर्डिंग ठेवा. मोटार वाहन कायद्यात बेदरकार चालवण्याचं कलम १८४ आणि रस्त्यावर शर्यत लावण्याचं कलम १८९ आहे, ते काम पोलिसांना करू द्या.

कुणी पडलं तर

हे लिहायची इच्छा नव्हती पण लिहितो. तुमच्यासमोर ग्रुपमधला कुणी पडला तर त्याच्या अगदी मागे गाडी थांबवू नका. आता हॅझर्ड लावा, पडलेल्याच्या पन्नास मीटर तरी अलीकडे कडेला घ्या, म्हणजे मागच्या गाड्यांना आधी तुमचे दिवे दिसतील. घरच्यांना डिव्हायडरच्या बाजूला नाही, डाव्या कठड्याच्या पलीकडे उभं करा. एकाने मागे जाऊन कपडा हलवायचा.

मग १०८ ला फोन, ॲम्ब्युलन्ससाठी. हायवेवर १०३३ पण चालतो. दगडावरचा आकडा, कुठल्या दिशेची बाजू, किती जण, शुद्धीत आहेत का, एवढं सांगा. हेल्मेट ओढून काढायचं नाही. मानेला मार असेल तर त्याने कायमचं नुकसान होतं. श्वास चालू आहे, बोलतोय, तर नुसती काच वर करा, हनुवटीखालचा पट्टा सैल करा आणि त्याला हलू देऊ नका. श्वासच बंद असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा एकाने मान दोन्ही हातांनी धरून ठेवायची आणि दुसऱ्याने सावकाश काढायचं, फोनवर १०८ वाले सांगतील तसं. पाणी पाजू नका, लोक आधी तेच करतात.

पोलिसांच्या भानगडीत पडू म्हणून निघून जाऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीत कायद्यात कलम १३४ अ आलंय, मदत करणाऱ्यावर त्यासाठी केस होत नाही आणि नाव-पत्ता सांगायची तुमच्यावर सक्ती करता येत नाही.

आणि चमकणाऱ्या जॅकेटवाला स्वीप येईपर्यंत थांबा. पुढच्यांना कदाचित अजून कळलेलंच नसेल, ते दोन किलोमीटर पुढे गेलेले असतील, पण तो मागून येतोच. त्याला सांगा काय बघितलंत ते. नीट चालणाऱ्या ग्रुपमधे निघायच्या आधी प्रत्येकाचा ब्लड ग्रुप आणि घरच्यांचा नंबर एका कागदावर लिहून स्वीपकडे दिलेला असतो, बहुतेक वेळा टँक बॅगच्या, म्हणजे पेट्रोलच्या टाकीवर लावलेल्या बॅगच्या, वरच्या पारदर्शक खिशात. तो हादरलेला असेल, त्याचे हात कापत असतील, तर तो कागद तुम्ही काढा आणि फोन लावून द्या.